भिंतीतला दगड आणि भिंतीवरचा दगड

बेळगावचे नाव निघाले की महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतून तीन गोष्टींची आठवण हमखास निघते: कुंदा, पावसाळी हवा आणि सीमाप्रश्न. पहिल्या दोहोंविषयी पुष्कळ गोड लिहून झाले आहे, तिसऱ्याविषयी पुष्कळ कडू. आज आम्ही चौथ्याच गोष्टीविषयी लिहिणार आहोत. ती गोष्ट म्हणजे या भागातला दगड, आणि तो इमारतीच्या दर्शनी भिंतीवर कसा येऊन बसतो, याची हकिकत.

शिल्पशास्त्र हा आमचा विषय नव्हे. आम्ही मराठीचे एम. ए.; आयुष्य शाळामास्तरकीत गेले. परंतु सरकारी नोकरीतल्या बदल्यांनी आम्हांला निपाणी ते खानापूर या पट्ट्यात पुष्कळ हिंडवले, आणि नव्या गावी गेल्यावर प्रथम डोळ्यांत भरत ती घरांची जोती आणि भिंती. पुढे पाथरवटांशी बोलणे होऊ लागले, एकदोन इंजिनिअर स्नेही लाभले, आणि जे नुसते पाहण्याचे होते ते थोडेफार समजू लागले. ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. आज हजारो मराठी कुटुंबे ज्या इमारतींतून राहतात त्यांच्या अंगावर दगड असतोच. तो तिथे कशाच्या आधाराने राहिला आहे, हा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

प्रथम भूमी पाहू. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाने व्यापला आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झाला. त्या काळ्या दगडाचे राज्य दक्षिणेकडे येता येता बेळगाव जिल्ह्यात संपते. पूर्वेला गोकाककडे त्याच्याखालून त्याहून कितीतरी प्राचीन असा वालुकाश्म डोके वर काढतो. पश्चिमेला खानापूर आणि सह्याद्रीकडे गेले की तांबडा जांभा लागतो. आणखी पूर्वेस, बागलकोट जिल्ह्यात, इलकलचा तांबूस ग्रॅनाइट आहे; त्या गावाच्या लुगड्यांप्रमाणे त्याच्या दगडानेही दूरदूरच्या बाजारपेठा पाहिल्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची जी रेषा आखली गेली ती कागदावरची. दगडांची सरहद्द त्याहून फार जुनी. तिच्यासाठी कोणताही आयोग बसला नव्हता, आणि तिच्याविरुद्ध कोणी दाद मागितल्याचे ऐकिवात नाही.

पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कर्नाटकाचे पहिले मोठे गाव म्हणजे निपाणी. तंबाखूच्या व्यापाराने हे गाव नावारूपाला आले. जुन्या पेठेत हिंडताना लक्षात येते की घर गरिबाचे असो वा व्यापाऱ्याचे, त्याचे जोते काळ्या दगडाचे. ऐपत असेल तितका दगड वर चढत जातो: कुणाचा कमरेपर्यंत, कुणाचा दाराच्या चौकटीपर्यंत, कुणाचा थेट आढ्यापर्यंत. त्यावरून घरमालकाच्या तिजोरीचा अंदाज बांधता येत असे. वरची भिंत मातीची असली तरी पाया आणि जोते दगडाचेच हवे, कारण जमिनीतली ओल वर चढू द्यायची नाही. काळा दगड पाणी फारच थोडे पितो, हे शास्त्र पुस्तकात न वाचताही लोकांना ठाऊक होते.

जुन्या दगडी भिंतीची रचना समजून घेण्यासारखी आहे. बाहेरून जी एकसंध दिसते ती वास्तविक दोन भिंतींची जोडी असते. बाहेरचा थर घडीव दगडांचा, आतला ओबडधोबड दगडांचा, आणि मधल्या पोकळीत चुना व खडी यांची भर. या दोन थरांनी एकमेकांस सोडून जाऊ नये म्हणून ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालीत. बाहेरून त्याचे फक्त तोंड दिसते, इतर दगडांसारखेच. त्याची लांबी भिंतीच्या पोटात असते. अशी भिंत फुगली किंवा कोसळली तर जुने गवंडी प्रथम विचारीत की आरपार दगड किती घातले होते. संसारातही काही माणसे अशी असतात, परंतु तो विषय वेगळा.

या काळ्या दगडाचा ऐश्वर्यशाली अवतार पाहावयाचा तर निपाणीहून उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर कोल्हापूरला जावे. तेथील नवा राजवाडा मेजर चार्ल्स मँट या लष्करी इंजिनिअरने रेखला आणि १८८४ साली तो पुरा झाला. मधोमध घड्याळाचा मनोरा, कमानी, घुमट्या, आणि सारे घडीव काळ्या पाषाणात. बडोद्याच्या वाचकांस हे नाव परके वाटू नये. त्यांच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडाही मँटचाच. तो १८९० साली रॉबर्ट चिझम याने पूर्णत्वास नेला, कारण मँट १८८१ सालीच निवर्तला. त्याच्याविषयी अशी कथा सांगतात की, आपली गणिते चुकली आहेत आणि आपण रचलेले वाडे कोसळणार, या धास्तीने अखेरीस त्याच्या मनाचा तोल गेला. कथा कितपत खरी ते असो. दोन्ही वाडे आजही ताठ उभे आहेत. एवढे मात्र खरे की दगड रचणाऱ्याच्या मनात ती धास्ती थोडी तरी असावी. ती मुळीच नसणे अधिक घातक.

भार कोणी वाहायचा, हा प्रश्न आमच्या पूर्वजांनी किती रसिकतेने सोडवला याचे उदाहरण याच सीमाभागात कृष्णेच्या काठी आहे. शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले. यादव राजा सिंघण याने त्याला दिलेल्या दानाचा शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१३–१४ चा, शिलालेख तेथे आहे. तेथील स्वर्गमंडपाचे छत मधोमध वर्तुळाकार उघडे ठेवलेले आहे आणि त्यातून आकाश दिसते. गोलाकार उभे असलेले खांब ते दगडी कडे तोलून धरतात. बाहेर येऊन मंदिराचा तळ पाहिला तर नव्वदाहून अधिक हत्ती ओळीने उभे, आणि सारे देऊळ त्यांच्या पाठीवर. खरा भार अर्थात पायाच वाहतो. पण पाहणाऱ्याला पटले पाहिजे की एवढा दगड कोणीतरी समर्थपणे पेललेला आहे. म्हणून शिल्पकाराने हत्ती कोरले. आणखी एक मौज अशी की या शिवालयात देवापुढे नंदी नाही. त्याचा नंदी येडूरला आहे अशी लोकांची श्रद्धा. देव महाराष्ट्रात आणि नंदी कर्नाटकात! दर्शनाला जाणारे भाविक दोन्हीकडे हात जोडतात.

आता पुन्हा हमरस्त्यावर येऊन निपाणीहून दक्षिणेकडे निघू. तवंदीचा घाट चढून उतरले की संकेश्वर लागते. तेथून पूर्वेकडे गोकाकची वाट धरली की हळूहळू दगडाचा रंग पालटतो. काळा जातो; पिवळसर, गुलाबी, करडा असा वालुकाश्म येतो. गोकाकला घटप्रभा नदी सुमारे ५२ मीटर उंचीच्या वालुकाश्माच्या कड्यावरून खाली झेपावते. धबधबा पाहण्यासाठी माणसे पावसाळ्यात येतात. आम्हांला उन्हाळ्यात कोरडा पडलेला कडा पाहण्यात अधिक गोडी. वहीच्या पानांसारखे आडवे थर एकावर एक रचलेले स्वच्छ दिसतात.

हे थर म्हणजे इंजिनिअरला निसर्गाने दिलेली सूचना होय. असा थरांचा दगड भिंतीत घालताना खाणीत तो जसा निजलेला होता तसाच निजवावा, म्हणजे वरचे ओझे थरांना दाबून धरते. तोच दगड उभा करून त्याचा थर बाहेर तोंड करून लावला तर पाणी थरांच्या फटींत शिरते आणि काही वर्षांनी कांद्याच्या पापुद्र्यासारखे पदर सुटू लागतात. धबधब्याजवळची जुनी चालुक्य शैलीची देवळे शतकानुशतके फवारे झेलीत उभी आहेत. दगडाची जात ओळखून काम केले तर पाणीही त्याचा मान राखते.

गोकाकहून बेळगावात आले की तिसरा दगड भेटतो. बेळगावचा किल्ला रट्टांच्या काळातला. त्याच्याभोवतीचा रुंद खंदक ज्या मऊ तांबड्या दगडात खोदला आहे तो पाहिला म्हणजे जांभ्याचा स्वभाव कळतो. खाणीत तो इतका नरम असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे काढता येतात. वारा आणि ऊन लागले की तो कठीण होत जातो. लोहाच्या अंशामुळे त्याला तांबडा रंग येतो. मात्र तो सच्छिद्र आहे. पावसात पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. त्याला श्वास घेऊ दिला पाहिजे. चुन्याचा गिलावा त्याला तो घेऊ देतो. सिमेंटचा जाड थर त्याचे नाक दाबतो, मग ओल आत अडकते, गिलावा फुगतो, आणि घरमालक दगडाला दोष देतो.

याच किल्ल्यात कमलबस्ती आहे. रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याचा मंत्री बिचिराज याने ती १२०४ साली बांधली. गाभाऱ्यात काळ्या पाषाणाची नेमिनाथांची मूर्ती, आणि मंडपाच्या छतातून खाली उमललेले दगडी कमळ. त्याच्या ७२ पाकळ्यांवर भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील चोवीस चोवीस तीर्थंकर. त्या कमळाखाली उभे राहून वर पाहताना आमच्या मनात कलेच्या कौतुकाबरोबर नेहमी एक व्यवहारी विचार येतो: आठशे वर्षे हा दगड माणसांच्या डोक्यावर आहे. ज्याने तो वर चढवला त्याला आपण काय करीत आहोत हे पक्के ठाऊक होते. पुढे इंग्रजांनी छावणी वसवली, तेव्हा गॉथिक धाटणीचे सेंट मेरीचे दगडी चर्च उभे राहिले. ते १८६९ सालचे. धर्म निराळा, शैली निराळी, परंतु नियम तोच: दगडावर दगड, आणि प्रत्येकाचे वजन खालच्याच्या माथी.

येथवरच्या साऱ्या इमारतींत दगड भिंतीत आहे. आता बेळगावच्या नव्या वसाहतींतून किंवा निपाणीच्या हमरस्त्यालगत चक्कर मारली तर दगड दिसतो तो भिंतीवर. इमारतीचा सांगाडा लोखंड आणि काँक्रीटचा, भिंती विटांच्या, आणि त्यावर दोन सेंटिमीटर जाडीच्या गुळगुळीत ग्रॅनाइटच्या फरश्या. पूर्वी जो दगड घर उचलून धरीत होता, त्याला आता घराने उचलून धरायचे. यात वाईट काही नाही. भिंत पातळ होते, खर्च वाचतो, दहा मजल्यांच्या इमारतीलाही दगडाचे रूप देता येते. फक्त नाते उलटे झाले आहे, हे विसरता कामा नये.

थोडे अंकगणित करू. शाळामास्तराचा तो हक्क आहे. ग्रॅनाइटच्या दोन सेंटिमीटर जाडीच्या एका चौरस मीटरचे वजन सुमारे ५४ किलो. तीन फूट बाय दोन फुटांची एक फरशी म्हणजे ३० किलो. चौथीतल्या मुलाच्या वजनाइतकी. ती फरशी सिमेंटच्या कालव्याने भिंतीला चिकटवली आहे असे समजा. ग्रॅनाइट पाणी जवळजवळ पीत नाही, आणि यंत्राने कापलेली त्याची पाठ सपाट असते; म्हणून सिमेंटला धरायला तेथे फारसे काही मिळत नाही. त्यातून वैशाखातल्या उन्हात काळी फरशी तापते, मागची भिंत तितकी तापत नाही. दोहोंत ३० अंशांचा फरक पडला तर दहा फूट लांबीत दगड सुमारे पाऊण मिलिमीटर वाढतो आणि रात्री पुन्हा आकसतो. पाऊण मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण हे रोज घडते, वर्षानुवर्षे घडते, आणि सांधे बुजवून टाकले असतील तर फरश्या एकमेकींना ढकलू लागतात. मग पावसाळ्यात पाठीमागे पाणी शिरते, आणि एके दिवशी फरशी निखळते.

यावरचा उपायही इंजिनिअरांनी शोधलेला आहे. प्रत्येक फरशीच्या कडेला खाच घेऊन तीत न गंजणाऱ्या पोलादाची खुंटी बसवायची, ती खुंटी एका कंसाला आणि कंस काँक्रीटला जखडायचा. दगड व भिंत यांच्यात हवेची पोकळी ठेवायची, म्हणजे आत शिरलेले पाणी खाली वाहून जाते. दोन फरश्यांमध्ये फट राखून ती लवचिक मसाल्याने भरायची. प्रत्येक फरशीचे ओझे तिच्या स्वतःच्या आधारावर, शेजारणीच्या डोक्यावर नव्हे. साधे लोखंड वापरायचे नाही, कारण गंज चढला की लोखंड फुगते आणि दगडाची कड फोडते. खिद्रापूरच्या हत्तींचे हे आजचे रूप: तेथे ते दाखविण्यासाठी कोरले होते, येथे ते दडलेले असतात, पण असावे लागतातच. भारतीय मानक संस्थेने दर्शनी दगडकामाची संहिता १९६७ सालीच काढली आहे. ज्ञान दुर्मीळ नाही. ते वापरण्याची निकड वाटत नाही, इतकेच.

थोरामोठ्यांनाही हा धडा महागात पडला आहे. अमेरिकेत शिकागो शहरी एका तेलकंपनीची ८० हून अधिक मजल्यांची इमारत १९७३ साली पुरी झाली. तिला इटलीतल्या करारा येथील शुभ्र संगमरवराच्या पातळ फरश्या लावल्या होत्या. त्यांतली एक सुटली आणि शेजारच्या इमारतीचे छप्पर फोडून आत गेली. पुढे फरश्या ताटलीसारख्या वाकू लागल्या, आणि १९९० ते १९९२ या काळात चाळीस हजारांहून अधिक फरश्या उतरवून जाड ग्रॅनाइट लावावा लागला. फिनलंडमधील हेलसिंकीच्या फिनलंडिया सभागृहाला १९७१ साली तोच संगमरवर लावला होता. तो वाकला; १९९९ पर्यंत बदलून पुन्हा तोच लावला; तो पुन्हा वाकला; आणि २०२२ पासून हाती घेतलेल्या नूतनीकरणात तेथे निराळ्या खाणीचा संगमरवर आला. कारण असे की संगमरवराचे कण तापले असता एका दिशेने फुगतात आणि दुसऱ्या दिशेने किंचित आकसतात. तापणे-निवणे वारंवार झाले की त्यांची परस्परांवरची पकड ढिली होते. जाड ठोकळ्यात हा दोष झाकला जातो, पातळ फरशीत उघडा पडतो. दगड तोच, जाडी बदलली की स्वभाव बदलतो.

हे सारे आम्ही नुसत्या हौसेने गोळा केले नाही. ज्या खेडेगावच्या शाळेचे आम्ही सध्या मुख्याध्यापक आहोत, तिच्या जुन्या तीन खोल्या काळ्या दगडाच्या आहेत. गावातून बाहेर पडून नावारूपाला आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी मोठ्या प्रेमाने वर्गणी जमवली आणि शाळेचे तोंड ‘नवे’ करायचे ठरवले. बेत असा की पुढची सबंध भिंत तांबूस ग्रॅनाइटने मढवायची, दारावर पंधरा फुटांपर्यंत. ठेकेदार म्हणाला, सिमेंटने चिकटवू, आठ दिवसांत काम उरकेल. त्या दारापुढेच रोज सकाळी मुले प्रार्थनेला ओळीने उभी राहतात. तीस किलोचा हिशेब आमच्या मनातून जाईना.

बैठक बसली. मायमराठीची शाळा आहे, ती कुणाच्याही शाळेहून उणी दिसता कामा नये, हा लोकांचा आग्रह. आणि तो चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. सीमाभागात शाळेच्या दर्शनी भिंतीला भिंतीपेक्षा अधिक अर्थ असतो. पण त्याच गावात एक वयोवृद्ध पाथरवट आहेत. त्यांच्या वडिलांनी या खोल्यांचे दगड घडवले होते. त्यांना आम्ही मुद्दाम बोलावून घेतले. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, दोन ठिकाणी हातोडीने टकटक केले आणि म्हणाले, “गुर्जी, दगूड भितीत बसतोय. भितीवर नुस्ता चिकटवला तर त्यो पाव्हणा. पाव्हणा कवा तरी जातोयच की.”

सभा हसली, पण बेत बदलला. मढवण्याचे ठरलेच तर खुंट्या आणि कंस हवेत, असे इंजिनिअर स्नेह्याने लिहून दिले. त्याचा खर्च वर्गणीच्या बाहेर होता. अखेर जुन्या भिंतीच्या सांध्यांत मागे कुणीतरी भरलेले सिमेंट खरवडून काढून चुन्याने दर्जा भरण्याचे ठरले. त्या कामावर म्हाताऱ्या पाथरवटांच्या देखरेखीखाली गावातली दोन तरुण मुले राबली. ग्रॅनाइट आला तो पायऱ्यांना, जेथून तो कुठेही पडू शकत नाही. आणि देणगीदारांच्या नावांच्या पाटीला, तीही जमिनीलगत. काहींची निराशा झाली. दुरून पाहिले तर शाळा नवी दिसत नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पावसाने धुतल्यावर मात्र ती काळीभोर भिंत जशी दिसते, तशी दुसरी आमच्या पंचक्रोशीत नाही.

आमची वाचकांना एवढीच विनंती. या बाजूला येणे झाले तर निपाणीचे एखादे जोते, गोकाकचा कडा, कमलबस्तीचे छत आणि खिद्रापूरचे हत्ती डोळे भरून पाहा. आणि घरी परतल्यावर, इंदूर असो, बडोदे असो वा बंगळूर, आपल्या इमारतीच्या दाराशी वर मान करून एकवार बघा. दगड लावलेला असेल तर सोसायटीच्या चिटणीसांना विचारा की तो खुंटीवर आहे की नुसत्या सिमेंटवर. बांबूच्या काठीने हलकेच ठोकून पाहा. जेथे पोकळ आवाज येईल तेथे खडूने खूण करून जाणत्या माणसाला बोलवा, आणि तो येईपर्यंत मुलांना त्या भिंतीखाली खेळू देऊ नका.